दहा आकड्यांची अट

साबेरा होडेकर बेचाळिसाव्या वर्षी जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकली, तीही लेकीने माळ्यावर टाकलेल्या कॉलेजच्या पुस्तकातून. रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नावनोंदणीला बसणाऱ्या या बाईला अर्धवट माहितीचा भारी तिटकारा. रजिस्टरात कुणी नुसतं ‘आप्पा’ लिहून गेला की तिचं डोकं फिरायचं. शेवटी तिने स्वतःच नोंदणीचा प्रोग्राम लिहिला आणि रकान्यारकान्याची लांबी बांधून टाकली. फोन नंबर तर बरोबर दहा आकडी, एक कमी नाही की एक जास्त नाही.

व्यवस्थापक विनीत सर म्हणाले, “नाटे गावच्या शिबिरात वापरून बघू. तिथे अडखळला तर आपलं रजिस्टर बरं.”

साबेराने हो म्हटलं आणि रात्री बसून सगळे रकाने पुन्हा तपासले. सहा महिने खपली होती बिचारी.

शिबिराच्या सकाळी पहिल्या पाच-सहा नोंदी झरझर झाल्या. मग हाजराबी समोर बसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करायचं की नाही, हे कतारला असलेला मुलगा नबील ठरवणार. या किनाऱ्यावर घरोघरी हीच रीत: बाप्ये आखातात नाहीतर जहाजावर, आणि शेवटचा शब्द फोनवर. हाजराबींनी कागदाची घडी उलगडून नंबर दिला. साबेराने तो टाकला, तर पडद्यावर लाल अक्षरं: ‘नंबर दहा आकडी हवा.’

देशाचा कोड धरून आकडे होते अकरा. रांगेत मागे उभ्या दोघींचे नंबरही तसेच. रांग तुंबली.

विनीत सर कानाशी येऊन म्हणाले, “दहा शून्यं टाका आणि सरका पुढे.”

“मग ऑपरेशनची तारीख शून्याला कळवू का, सर?”

सरांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. साबेराला स्वतःचाच असा राग आला म्हणता! तिचा नवरा अहमद अठरा वर्षं कुवेतला. त्याचा अकरा आकडी नंबर तिने झोपेतही सांगितला असता. आणि प्रोग्राम तपासताना टाकले कुठले, तर पुस्तकातले नमुन्याचे!

“दहा मिनिटं द्या, सर.”

लांबी तपासणारी ओळ तिने उघडली. ‘बरोबर दहा’च्या जागी ‘आठ ते पंधरा’ केलं. घाईत ओळीच्या शेवटचं अर्धविरामाचं चिन्ह राहिलं आणि प्रोग्राम चालेचना.

“मशीन रुसला काय गो?” हाजराबींनी विचारलं.

“मशीन नाय, खाला. माझंच डोकं चालत नव्हतं.”

चिन्ह टाकलं, प्रोग्राम चालला. नबीलचा नंबर आत गेला आणि ‘नोंद झाली’ असं उमटलं. साबेराचा जीव भांड्यात पडला. हाजराबी मात्र उठेनात.

“आत्ताच लाव फोन. तो नको म्हणला तर मी घरी जाते.” म्हातारी ऑपरेशनला टरकली होती आणि सगळी भिस्त लेकाच्या नकारावर होती.

साबेराने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि शिबिराचं सांगितलं.

“ताई,” नबील म्हणाला, “मागं दोन शिबिरं झाली. दोन्ही वेळा अम्मी म्हणाली, डॉक्टर नको म्हणले, म्हणून मीही नको म्हटलं. शिबिरातून मला कुणी फोनच केला नव्हता. करा ऑपरेशन.”

“मेल्या!” हाजराबी ओरडल्या, आणि अख्खी रांग हसत सुटली.

विनीत सरांनी रजिस्टर पिशवीत परत घातलं आणि हाजराबींना हात धरून तपासणीच्या खोलीकडे नेलं.