मांस सपाट नसतं

कारखान्यात तिला सगळे सुरीताई म्हणायचे. वडील खाटीक, त्यामुळे हाड कुठे संपतं नि मांस कुठे सुरू होतं हे तिच्या बोटांना पाटीवरच्या अक्षरांआधी कळलं होतं. पुढे दुकान भावाकडे गेलं आणि ती मांस पॅक करणाऱ्या कारखान्यात लागली. त्या गारठलेल्या हॉलमध्ये तिची बावीस वर्षं गेली.

मग कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी नवी फिल्म आणली. पातळ प्लास्टिक, आतल्या बाजूला जंतू मारणाऱ्या द्रव्याचा लेप. काचेच्या बशीत फिल्मच्या तुकड्याखाली जंतू अजिबात वाढत नव्हते. पण तीच फिल्म मांसावर गुंडाळली, की सहाव्या दिवशी जंतू साध्या प्लास्टिकमध्ये असायचे तेवढेच. तीनदा तसंच झालं.

"लेप दुप्पट करून बघते," मॅडम वैतागून म्हणाल्या.

"चौपट केलात तरी तेच होईल," सुरीताई म्हणाली. "तुमची बशी सपाट आहे. मांस सपाट नसतं."

मॅडमनी भुवया उंचावल्या. सुरीताईने वाद घातला नाही. फिल्मच्या आतल्या बाजूला खायचा निळा रंग फासला, रोजच्यासारखा एक तुकडा गुंडाळला आणि थोड्या वेळाने सोडून टेबलावर ठेवला. उंचवटे निळे झाले होते. खाचा लालच्या लाल.

"लेप पोचलाच नाही तिथे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"जंतू तिथेच ठाण मांडून बसलेत."

दोघी कामाला लागल्या. सुरीताईने लोंबत्या कडा छाटून तुकडे गुळगुळीत कापले. मॅडमनी यंत्र असं लावलं, की आतली हवा ओढली जाऊन फिल्म खाचाखोचांत घट्ट बसेल. पहिल्या दिवशी चार तुकड्यांवरची फिल्म फाटली, कारण त्यांत हाडाच्या कपच्या राहिल्या होत्या. सुरीताईने ती चूक कबूल केली आणि सगळे तुकडे पुन्हा चाचपले.

या खेपेला सहाव्या दिवशी जंतू शंभरातला एखादाच उरला होता. हॉलमधला एक जण म्हणाला, "आता फ्रीज विकायला काढा."

"तुझा काढ," सुरीताई म्हणाली. "मांस थंडच राहायला हवं. फिल्म फ्रीजच्या सोबतीला आहे, त्याच्या जागी नाही."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिला विचारलं, प्रयोगशाळेत कायमची येशील का.

"शिकलेली नाही मी," असं ती एरवी म्हणाली असती. आज ती म्हणाली, "किती वाजता यायचं?"