बिनवासाचं तेल

समोरच्या माणसाला रामराम घालायच्या आधी हवालदार त्याच्या नाकाखाली बाटली धरायचे. "आवं भाऊसाहेब, वास येतोय का बगा जरा!" ऑफिसला निघायच्या घाईत हे! असा राग यायचा. पण त्या चेहऱ्याकडे बघितलं की मुकाट्यानं हुंगायचो. "येतोय की. डोकं उठलं माझं." "मग अजून गाळाया पायजे," म्हणत ते पुढच्या दारी.

साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना हवालदार म्हणायचे. लष्करात गाड्या दुरुस्त करून पेन्शनीवर आलेले. ते दिवस रॉकेलच्या टंचाईचे. बायकोला रेशन दुकानासमोर डबा घेऊन ताटकळताना त्यांनी पाहिलं आणि डोक्यात खूळ शिरलं. खताच्या पोत्यांतलं प्लास्टिकचं अस्तर, फुटक्या बादल्या, असला कचरा बंद पिंपात तापवायचा आणि त्यातून तेल काढायचं. "हिला परत रांगेत उभं ऱ्हावं लागाया नको," म्हणायचे.

आणि काढलं की हो त्यांनी! पिंपातली वाफ नळीनं गार पाण्यातून फिरवली की थेंब थेंब तेल पडायचं. आधी ते मेणासारखं थिजायचं. मग कुंभाराकडची माती भाजून पिंपात घातली, तसं पातळ उतरायला लागलं. "फुकटची माती, पर काम बगा कसं करती!" त्यावर स्टोव्ह पेटला त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

वास मात्र भयंकर. भिंतींना, अंथरुणाला, भाकरीला. बायकोला धाप लागायला लागली. नागपंचमीला ती माहेरी, शिराळ्याला गेली आणि परत आलीच नाही. थंडी पडली तरी हवालदार सांगायचे, "पंचमीला गेलीया." आम्ही मान हलवायचो.

"बंद करा ना ते पिंप," मी एकदा चिडून म्हणालो.

"आवं, तिच्यासाठीच मांडलंय की. वास गेला की येतीया बगा ती."

काय हा हट्ट! त्यांचं स्वतःचं नाक केव्हाच मेलं होतं, म्हणून आमची नाकं. तेल कोळशातून गाळ, चुन्यातून गाळ. स्वतःच भाकऱ्या थापायचे आणि दार उघडं टाकून एकटेच जेवायचे.

एक दिवस मी बाटली हुंगली. पुन्हा हुंगली. "नाही हो येत. खरंच नाही येत!"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमी बी चला शिराळ्याला. माझ्यावर तिचा इस्वास न्हाई बसायचा."

कडक इस्त्रीची पँट, गुळगुळीत दाढी, अशा थाटात हवालदार माझ्यासोबत शिराळ्याला पोचले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ओसरीवर आल्या, नवऱ्याला बघून डोळे भरले बिचारीचे. हवालदारांनी बाटली पुढं केली. वहिनींनी लांबून हुंगली, मग जवळून. "ह्येला न्हाई येत," त्या म्हणाल्या. हवालदार तोंडभर हसले आणि पुढं झाले. "मग चल की घरला!"

तोच वहिनींना ठसका लागला. पदर नाकाला लावून त्या मागं सरकल्या. "बाटलीला न्हाई वो. तुमच्या अंगालाच येतोय." आणि रडायला लागल्या.

मी चाट पडलो. आम्हा गल्लीवाल्यांना त्यांच्या अंगाचा वास इतका सवयीचा झाला होता, की कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वहिनींनी जेवू घातलं. हवालदारांचं ताट ओसरीच्या कडेला, वाऱ्यावर मांडलं. खोकत खोकत आग्रह करून वाढत होत्या. "आमटी बरी झालीया," एवढंच ते बोलले.

परतीची एस.टी. निम्मी रिकामी होती. मी खिडकीकडे सरकून जागा केली. हवालदार मागच्या दाराशी दांडा धरून उभे राहिले.

"अहो, बसा की इथं."

"नको भाऊसाहेब. हितं वारं हाय."

साताऱ्यापर्यंत उभेच.

पुढं पिंप भंगारात गेलं. हवालदार दगडानं अंग घासून घासून आंघोळ करायचे, मला बघवायचं नाही. माझ्याशी बोलायचे, पण रस्त्याच्या पलीकडून. एकदा न राहवून मी चहाचा कप घेऊन रस्ता ओलांडला, तर मी जेवढा पुढं गेलो तेवढेच ते मागं सरकले.