वाकलेला कोयता

रसवंतीवर सोललेल्या उसाचा वास आला की माझी कंबर अजून आपोआप वाकते. त्या दुष्काळात पाटोद्याकडं कावळेसुद्धा टँकरच्या रांगेत उभे राहायचे, आणि साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेल्याशिवाय आमची चूल पेटणार नव्हती. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, पण माझ्या मणक्यात हाड असं काही वाढलेलं, की बीडचा डॉक्टर म्हणाला, "असला मणका मी फक्त पुस्तकात बघितलाय." ताठ उभं राहिलं की नस दाबली जायची आणि पायात अख्ख्या तालुक्याची वीज सुटायची, वाकलं की गप्प. तोडीची टोळी जमवणाऱ्या मुकादमानं मला चालवून बघितलं. दोन पावलांत मी बोंबललो. "ह्यो काय तोडतोय बे? अर्धा कोयता आमी नेत न्हाई!" बायको कडाडली, "मुकादम, ऊस तोडायला नेताय का वरातीत नाचवायला? मोळ्या मी वाहते, ह्यांना नुसतं वाकू द्या." मुकादमाच्या विहिरीकाठी चारा छावणीतल्या जनावरांसाठी राखलेला ऊस होता, तिथंच माझी परीक्षा ठरली. मी कोयता घेऊन वाकलो तो पलीकडच्या बांधाला डोकं धडकल्यावरच थांबलो. तरण्या गड्यांना वाटलं, वावटळ गेली. सरळ व्हायची सोय नव्हती, म्हणून तसाच वाकून मुकादमापुढं गेलो. त्याला वाटलं, पाया पडतोय. गहिवरून त्यानं डोक्यावर हात ठेवला, "चला, लई झालं, पुरा कोयता!" पुढं ऑपरेशन झालं, आता मी खांबासारखा ताठ चालतो. मुकादम मात्र अजून गावभर सांगतो, इतका नम्र गडी पुन्हा मिळाला न्हाई.