तेलाचे हेड आणि लोणच्याची बरणी

मालाडला आम्हा निवृत्त स्टुडिओवाल्यांची बैठक अधूनमधून भरते. मागच्या बैठकीत एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले, की अंधेरीच्या आमच्या स्टुडिओने तेलाचे हेड घेतले ते निव्वळ दयेपोटी, एका अधू हाताच्या कॅमेरामनची जागा टिकावी म्हणून. दुसऱ्याने लगेच भर घातली, की त्यातले तेल मुंबईच्या उन्हाने पातळ झाले होते आणि पहिली चाचणी त्यामुळेच फसली. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. हे दोघे तेव्हा शाळेत जात होते. मी त्या हेडाला खेटून उभा होतो.

हेड म्हणजे तिपाई आणि कॅमेरा यांच्यामधला भाग. कॅमेरा आडवा-उभा फिरतो तो त्याच्यावर. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर आमच्या शेठनी खाडीकाठच्या आणि मिठागरांवरच्या पक्ष्यांवर छोटे माहितीपट करायचे काम घेतले. त्यासाठी लांब भिंग आले, आणि आमच्या जुन्या हेडाची लाज निघाली. लांब भिंगातून पाहताना त्याचा एवढासा हिसका पडद्यावर भूकंपासारखा दिसे. तेव्हा फोर्टातल्या एका व्यापाऱ्याने दोन हेडे आठ दिवसांसाठी पाहायला दिली. एक ठेवायचे, एक परत करायचे.

पहिल्याला दोन चक्र्या होत्या. एका हाताने एक फिरवली की कॅमेरा आडवा जाई, दुसऱ्या हाताने दुसरी फिरवली की वरखाली. दुसरे हेड दिसायला अगदीच साधे होते: एक बसका डबा आणि त्याला एक दांडा. त्याच्या पोटात दाट तेल होते, आणि जी काही करामत होती ती त्या तेलाची होती.

आमचे कॅमेरामन मालवणकडचे. सगळे त्यांना दादा म्हणत. तरुणपणी ते गिरणीत होते. तिथल्या यंत्राच्या पट्ट्यात त्यांचा डावा हात सापडला आणि दोन बोटे कायमची ताठ झाली. दोन चक्र्या त्यांना पेलणाऱ्या नव्हत्या. चक्रीचे हेड राहिले तर बाहेरच्या चित्रणाला कॅमेऱ्यामागे दुसरा माणूस बसेल आणि पन्नाशी उलटलेले दादा उजेड मोजत बाजूला उभे राहतील, हे कुणी बोलून दाखवले नाही, पण सगळ्यांना ठाऊक होते.

आता मी जे सांगणार आहे ते बैठकीतल्या कुणालाच माहीत नाही, कारण ते मी कधी सांगितले नव्हते.

मी दादांचा दुय्यम. पेटीतून तेलाचे हेड काढून मी दांडा ओढला तेव्हा तो जड लागला. हात रेटावा तेव्हा कुठे हलायचा. बोटीच्या प्रवासात तेल सुकले असणार, असा माझा निष्कर्ष. पेटीत इंग्रजी माहितीपत्रक होते आणि मला इंग्रजी उत्तम येत होते. पण तिपाईसाठी माहितीपत्रक वाचणे मला कमीपणाचे वाटले. मी आमच्या मिस्त्रीला म्हटले, "हे तेल काढ आणि शिवणयंत्राचं तेल भर."

"सील आहे रे त्याला," मिस्त्री म्हणाला. "वाट लागली तर माझ्या नावानं बोंब मारायची नाही."

"मी सांगतोय ना! काढ."

त्याने काढले. आतून मधासारखी जाड, नितळ धार आली. मिस्त्री कुठलीही वस्तू फेकणारा नव्हता. दादांच्या घरून आलेल्या लिंबाच्या लोणच्याची रिकामी बरणी त्याने धुऊन पुसून ठेवली होती. तिच्यात त्याने ते तेल साठवले आणि वर फडके बांधले.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर चाचणी झाली. रस्त्यावरून सायकलस्वार जाणार आणि कॅमेऱ्याने त्याला चौकटीच्या मधोमध धरून ठेवायचे. चक्रीवर मी बसलो. काम ठीक झाले. तेलाच्या हेडावर दादा बसले, आणि दांडा हातात घेताच कॅमेरा भेलकांडला. सायकल एकीकडे, कॅमेरा भलतीकडे.

"आवशीक खाव! ह्येका झाला काय?" दादा ओरडले. पुन्हा करून पाहिले, पुन्हा तेच. मग ताठ बोटांचा हात त्यांनी खिशात घातला.

शेठ म्हणाले, "हे परत पाठवा."

दुपारी हेड पेटीत भरताना ते पत्रक माझ्या हाती आले आणि मी ते अखेर वाचले. दांडा जड लागणे हाच त्या हेडाचा गुण, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. हाताचा थरकाप तेल गिळून टाकते आणि कॅमेऱ्यापर्यंत फक्त हेतू पोचतो.

पत्रक घेऊन मी शेठकडे गेलो. "दोष हेडाचा नाही, दादांचाही नाही. त्यातलं तेल मी काढायला लावलं."

"सीलबंद आलेली वस्तू तू उघडलीस? का?"

"जड वाटली म्हणून."

शेठ म्हणाले, "परवा सकाळी. एकच रीळ देतो. नाही जमलं तर चक्री राहील, आणि चक्रीवर कोण बसणार ते मी ठरवीन. दादांना सांगून ठेव."

दादांना मी सगळे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "शिकलेलो माणूस तू! तरी वाचूक काय झाला तुका?"

दुसरा सगळा दिवस मिस्त्री आणि मी ते तेल परत भरत होतो. बरणी कोमट पाण्याच्या घंगाळात ठेवायची, तेल जरा सैल झाले की बारीक धारेने ओतायचे, हेड हळूहळू कलते करायचे आणि आतला बुडबुडा वर येईपर्यंत श्वास रोखून थांबायचे. एक बुडबुडा राहिला तरी तिथे हिसका बसणार.

ठरलेल्या सकाळी सायकलस्वार आलाच नाही. आवाराच्या वर एक घार घिरट्या घालत होती. शेठ म्हणाले, "तीच धरा."

आधी मी चक्रीवर बसलो. माझे दोन्ही हात धड होते. घार दोनदा माझ्या चौकटीतून निसटली. मग दादांनी उजव्या हाताने दांडा धरला आणि डोळा भिंगाला लावला. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळले नाही. एक माणूस सावकाश वळत होता, इतकेच.

जे घडले होते ते दुसऱ्या दिवशी आमच्या लहानशा पडद्यावर दिसले. घार मधोमध स्थिर होती, आणि तिच्यामागून ताडांचे शेंडे, जोगेश्वरीच्या बाजूच्या टेकड्या आणि ढग असे सारे जग वाहत होते. तिच्या पंखांच्या टोकांची पिसे बोटांसारखी उघडत-मिटत होती. एकदा तिने मान वळवून खाली आमच्याकडे पाहिले. रोज डोक्यावरून जाणारा पक्षी मी जन्मात प्रथमच पाहत होतो. पुढे कितीतरी वर्षे मी याच धंद्यात काढली, डोंगर-समुद्र चित्रित केले, पण तसे भारावून जाणे पुन्हा वाट्याला आले नाही.

रीळ संपले.

"गे बाय माझे," दादा पुटपुटले. "ह्या मी केलंय?"

शेठ उठले. "चक्री परत पाठवा," म्हणाले, आणि दादांकडे वळून, "सोमवारपासून मिठागरावर. तुम्ही बसाल."

दया असती तर शेठनी पहिल्याच दिवशी दाखवली असती. दुसऱ्या चाचणीची गरजच पडली नसती. आणि ज्यांना अजूनही वाटते की तेल उन्हाने बिघडले, त्यांना मी एवढेच विचारतो: त्या हेडाजवळ तुम्ही कधी उभे होता काय? असता, तर तुम्हाला ठाऊक असते, की ऊन चढले की त्यातून लिंबाच्या लोणच्याचा मंद वास येत असे. मिठागरावर दादा कॅमेरा लावत, नाक जवळ नेत आणि मला म्हणत, "वाच रे, काय लिवलाहा ता!"