बिनहळदीचं वरण

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी वरण पांढरं शिजायचं. बाबांचे डोळे पिवळे झाले आणि आईनं हळद बंद केली. कॅन्सरच्या गाठीनं पित्ताची वाट दाबली होती, हे तिला ठाऊक होतं. पण जिथं हात पोचत नाही, त्या दुखण्यावर माणूस हाताशी असेल तोच उपाय करतो. तिच्या हाताशी मिसळणाचा डबा होता.

डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत बारीक नळी बसवली. म्हणाले, "वाट मोकळी झालीय. गाठ मात्र आहे तिथंच आहे."

हळूहळू काविळीनं सुटलेली अंगाची खाज थांबली, डोळे निवळले.

"आता तरी हळद घाल गं," बाबा म्हणाले.

आईनं चिमूटभर घातली. बाबा चवीनं जेवले. आई वाढायचं विसरून त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली.