डिजिटल गाव आणि काकीचा डोळा

आमच्या गावात फोनला रेंज हवी असेल तर डंपावर चढावं लागतं. डंप म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा डोंगर. गोव्यात डिचोलीकडे असे डोंगर जागोजागी आहेत आणि त्यांतला एकही देवाने केलेला नाही. ही माती पावसात खाली वाहून आली, तिने आमची शेतं बुजवली, विहिरी तांबड्या केल्या. खाणी बंद पडल्यावर तिचा उपयोग झाला तो एवढाच, की तिच्या टाळक्यावर उभं राहिलं की मोबाईलवर दोन काड्या दिसतात. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता येत नाही.

मी खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. खाण बंद झाली तशी घरी बसले. पण आमच्या वाड्यावर संगणकाला हात लावलेली बाई मी एकटीच, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या फोनातलं गाऱ्हाणं माझ्या दारात यायचं. कुणाचा गॅस बुक होत नाही, कुणाच्या मुलीचा निकाल उघडत नाही. जमेल ते मी करायची आणि जमलं नाही की फणफणायची. घरचे म्हणतात, हिची जीभ म्हणजे कोयती. असू दे. झाडी वाढली की कोयतीच शोधत येतात सगळे.

पंचायतीने डिजिटल खोली उघडली तेव्हा मात्र मी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या, हे कबूल करायला हवं. नारळ फुटला, फीत कापली. आत नवे कोरे संगणक, भिंतीवर केबलचा डबा आणि त्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. सरपंच माइकवर म्हणाले, "आतां आमच्या गांवच्या मनशाक खंयच वचपाची गरज ना." म्हणजे आता कुठेच जायला नको. सामोसे वाटले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी मी हौसेने गेले तर दाराला कुलूप. सेक्रेटरीकडे दोन पंचायती, तो आज तिकडे. तो आला तर पासवर्ड क्लार्ककडे, आणि क्लार्क ट्रेनिंगला. क्लार्क परत आला तोवर भलतीच अडचण निघाली. इंटरनेटचं दर महिन्याचं बिल कुठल्या खात्यातून भरायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. फीत कापायला पाच पंच धावले होते, बिलाला एकही नाही. केबल बंद झाली, दिवा विझला. संगणकांवरचं प्लास्टिक तसंच राहिलं आणि त्यांच्या पुढ्यात जत्रेच्या खुर्च्या रचून ठेवल्या गेल्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

इथवर मी नुसती चिडचिड करत होते. गावात चिडायला काय, रोज काहीतरी असतंच. मग काकीच्या डोळ्याचं दुखणं निघालं.

काकी आमची शेजारीण. नात्याची नव्हे, पण माझ्या बाळंतपणात माझ्या अंगाला तेल तिनेच लावलेलं. परसात मिरच्या, तांबडी भाजी, मुळा करते आणि बुधवारच्या बाजारात डिचोलीला नेऊन विकते. एक दिवस माझ्या पायरीवर बसून ती म्हणाली, "बाय, म्हज्या दाव्या दोळ्याक कडेकडेन काळोख दिसता गो. मिरचेचें झाड दिसता, पूण ताच्या कुशीचें दिसना." मी तिला तशीच उठवून डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची असेल तर ऑपरेशनला वेळ लावू नका. सरकारी इस्पितळात रांग मोठी आहे, आरोग्याच्या कार्डावर दुसरीकडे लगेच होईल. कार्ड चालू आहे ना?

कार्डाची मुदत संपलेली होती. नवीन करायचं तर ते संगणकावरूनच. बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी माझ्या ओळखीच्या दुकानात ठेवून आम्ही दोघी तालुक्याच्या सुविधा केंद्रात गेलो. खिडकीतल्या माणसाने गावाचं नाव विचारलं, पडद्यावर बघितलं आणि हसला. म्हणाला, "तुमचो गांव डिजिटल जाला न्हय? हांगा टिक आसा. तुमचें काम तुमच्या पंचायतींतच जातलें."

मी त्याला कुलपाचं सांगितलं, खुर्च्यांचं सांगितलं. तो म्हणाला, वयनी, माझ्या पडद्यावर कुलूप दिसत नाही. नंतर कळलं, गावोगाव फिरून लोकांची कार्डं करून देणारी गाडी शेजारच्या गावात येऊन गेली होती. आमच्या गावात आली नाही, कारण आम्हाला गरज नाही असं वर कळवलेलं होतं. म्हणजे ज्या गावात खोलीच नव्हती त्या गावातल्या म्हाताऱ्यांची कार्डं झाली, आणि खोली असलेल्या गावातली आमची काकी बसमध्ये डोळा मिटून परत आली. ती खोली झाली नसती तर बरं झालं असतं. हे लिहिताना अजून माझी कानशिलं तापतात.

सरपंचांच्या घरी खेपा घातल्या. एकदा लग्नाला गेलेले, एकदा पणजीला, एकदा आंघोळीला. पाण्याचा आवाज मी बाहेर उभी राहून ऐकला, बराच वेळ चालली ती आंघोळ. शेवटी ग्रामसभेचा रविवार आला. मी उभी राहिले. म्हटलं, सरपंचबाब, रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल तुम्ही दरवर्षी बजेटात धरता, तसं ह्या केबलचं धरा. खोली चालवायला गावातलीच एक शिकलेली मुलगी पगारावर ठेवा, म्हणजे सेक्रेटरी असो-नसो दार उघडेल. आणि दार संध्याकाळी उघडा, रविवारी उघडा. दिवसा शेतात नाहीतर कारखान्यात असलेला माणूस तुमच्या ऑफिसच्या वेळेत कसा येणार? आणि नुसतं फॉर्म भरून देऊ नका, लोकांना शिकवा. एकदा शिकवलं की माझ्या दारात कोणी येणार नाही, मी सुटेन.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सरपंच म्हणाले, "वयनी, तुमचो मुद्दो एकदम बरो आसा. तो आमकां ईमेलान धाडात."

सभेत हशा पिकला. मी नाही हसले. मी तिथल्या तिथे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही, पण चार दिवसांत केबलचं बिल भरलं गेलं आणि खुर्च्या हलल्या. गोड बोलून वर्ष गेलं होतं. शिव्या चार दिवसांत पोचल्या.

तरी पुढे आणखी एक गंमत होतीच. कार्डासाठी काकीच्या फोनवर ओटीपी येणार, तो लगेच संगणकात घालायचा. संगणक पंचायतीत, आणि पंचायतीत फोनला रेंज नाही! केबल भिंतीपर्यंत आलेली, पण तिच्यावरून फोनला आकडा येईल असं काही क्लार्कला करता येईना, मलाही येईना. आकडा मिळणार डंपावर. तिथून धावत खाली येईपर्यंत त्याची मुदत संपायची. पहिल्या दोन खेपांना तसंच झालं. मग आमच्या लोकांनी जे केलं ते बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. काकीची सून फोन घेऊन डंपाच्या माथ्यावर गेली. पायथ्याशी चहाचा गाडेवाला उभा राहिला. मी पंचायतीच्या खिडकीत. क्लार्कने बटण दाबलं, मी पदर हलवला, आणि वरून बोंब आली, "चार! णव! णव!" गाडेवाला आमच्याकडे तोंड करून तेच ओरडला. "दोन! शून्य! सात!" मी क्लार्कच्या कानात ओरडले. त्याने आकडे मारले आणि कार्ड झालं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. कुणालाही सांगू नका असं त्या मेसेजमध्ये बजावलेला आकडा अख्ख्या गावाने ऐकला होता. मीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकलो.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरने पुन्हा तपासलं आणि मला बाजूला घेतलं. डाव्या डोळ्याची नजर गेली होती, ऑपरेशनने ती आता येणार नव्हती. म्हणाला, पहिल्यांदा आलात तेव्हाच ऑपरेशन झालं असतं तर पुष्कळ राहिली असती. उजव्यातही सुरुवात आहे, तो आता डोळ्यात तेल घालून जपायला हवा. दर काही महिन्यांनी दाखवा. मी काकीला काय सांगू, याच्या विचारात बाहेर आले. तिनेच विचारलं, "गेलो मगो?" मी मान हलवली. तिला ती दिसली की नाही कोण जाणे, तिने माझा हात धरला. म्हणाली, "जांव. एका दोळ्यान हांव सुई ओंवतां." त्या वेळी मला रडू आलं नाही. कुणाच्या तरी मानेला धरावंसं वाटलं.

त्यानंतर महिनाभराने सरपंच स्वतः काकीच्या दारात. कधी नव्हे ते. पणजीहून पथक येणार होतं, चांगल्या डिजिटल पंचायतीला बक्षीस होतं, आणि कार्ड मिळालेली बाई म्हणून पंचायतीबाहेरच्या बोर्डावर काकीचा फोटो हवा होता. मी म्हटलं, नको जाऊस. काकी म्हणाली, सरपंच घरी आला, नाही कसं म्हणू? ठेवणीतलं लुगडं नेसून, अबोलीची फाती माळून ती गेली. फोटोवाला तिच्या डाव्या बाजूला उभा. "काकी, हांगा पळय! हांगा!" तो ओरडत होता आणि काकी समोरच्या भिंतीकडे बघून विचारत होती, "खंय रे पुता?" शेवटी सरपंचांनी तिच्या हनुवटीला धरून तोंड वळवलं. बोर्डावर तो फोटो छान आला आहे. हातात कार्ड आणि दोन्ही डोळे अगदी सारखे.

बक्षीस मिळालं की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पथक येऊन गेलं आणि पुढचं बिल पुन्हा राहिलं. परवा मी खिडकीतून डोकावले, हिरवा दिवा विझलेला. बोर्ड बाहेर, कुलूप दाराला. आणि कार्ड असतं वर्षभराचं. गणपतीच्या चवथीनंतर काकीच्या कार्डाची मुदत संपते आहे आणि उजव्या डोळ्याची तपासणीही तेव्हाच आहे.

मी तिला म्हटलं, पुन्हा जाते मी सरपंचांकडे. ती म्हणाली, "तूं वचूं नाका. तुजें तोंड वायट. हांवच वतां."

या बुधवारी काकी बाजाराला गेली नाही. सकाळी मी पाहिलं, पंचायतीच्या पायरीवर, आपल्याच फोटोखाली, तिने गोणपाट पसरून भाजी मांडली होती. क्लार्क म्हणत होता, काकी, इथे बसायला परवानगी नाही. तिने त्याला मुळ्याचा भाव सांगितला. मग ती जरा वळून बसली, उजवा डोळा डिजिटल खोलीच्या दाराकडे येईल अशी. दार उघडेपर्यंत ती तिथेच बसणार आहे, आणि मी तिच्या शेजारी.