गच्चीवर वाळत घातलेलं आरमार
गरम प्लास्टिकचा वास आला की भुसावळची ती मे महिन्यातली दुपार आठवते आणि डोकं फिरतं. सुनेने टेबलावरच्या खेळासाठी आठ दिवस थ्रीडी प्रिंटर चालवून मराठ्यांची प्लास्टिकची गलबतं छापली होती. संध्याकाळी धुळ्याला मैत्रिणीच्या इंग्रजी जहाजांशी लढाई होती. गलबतांना उग्र वास येत होता, म्हणून मी ती धुऊन गच्चीवर बिबड्यांच्या पापडांशेजारी वाळत घातली. तासाभरात डोलकाठ्या लोळल्या. "आई, बठ्ठं वाकी गयं!" सगळं वाकलेलं बघून सून रडकुंडीला आली. "इथलं ऊन सोसवेना, त्यांना तोफा काय सोसवणार?" मी म्हणाले. खरी गलबतं डोलकाठी मोडली तरी वल्ह्यांवर लढायची, असं पुटपुटत ती ती वाकडी गलबतं तशीच घेऊन गेली आणि हरली. चूक माझीच होती. पण उन्हात मऊ पडणारी जहाजं खानदेशात करायचीच कशाला, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.